क्रूगरनंतरचं स्वीडन: कारभार मालकांच्या हाती

अंबरनाथच्या विम्कोच्या आगपेट्या ज्यांच्या घरात वापरल्या गेल्या, त्यांचा स्वीडनशी संबंध नकळत आलेलाच आहे. वेस्टर्न इंडिया मॅच कंपनी १९२३ साली काढली ती स्वीडिश मॅच या कंपनीने, आणि तिची सूत्रं होती इवार क्रूगर यांच्या हाती. अडचणीतल्या सरकारांना कर्ज द्यायचं आणि मोबदल्यात त्या देशातल्या आगपेट्यांची मक्तेदारी घ्यायची, हा क्रूगर यांचा खाक्या. १९२७ साली फ्रान्सला साडेसात कोटी डॉलर, १९२९ साली जर्मनीला साडेबारा कोटी. १२ मार्च १९३२ रोजी पॅरिसच्या घरात ते गोळी लागून मेलेले सापडले. आत्महत्या, असा निष्कर्ष निघाला. पाठोपाठ तिजोरीतून इटालियन सरकारच्या नावाचे बनावट रोखे निघाले आणि त्याच ऑगस्टात, क्रूगर यांच्याकडून पैसे घेतल्यावरून, स्वीडनचे पंतप्रधान कार्ल गुस्ताफ एकमन यांना खुर्ची सोडावी लागली.

स्वीडनमधल्या कंपनी कारभाराच्या नियमांचा मागोवा इथूनच घ्यायला हवा. कारण पैसा दुसऱ्यांचा आणि सत्ता आपली ठेवण्याची युक्ती क्रूगर यांनी अगदी टोकाला नेली होती. परदेशी गुंतवणूकदारांना त्यांनी विकलेल्या ‘ब’ वर्गाच्या शेअरला एका मताचा हजारावा हिस्सा मिळे. १९४४च्या कंपनी कायद्याने नव्या शेअरसाठी ही दरी एकास दहावर आणली, जुन्या कंपन्यांना मात्र हात लावला नाही. एरिक्सनमध्ये एकास हजारचं प्रमाण २००४ सालापर्यंत चालू होतं! मोबाइल विकणाऱ्या कंपनीत आगपेटीच्या काळातली मतमोजणी. आणि तरीही, असमान मताधिकारच मोडीत काढावा असं स्वीडनला तेव्हाही वाटलं नाही आणि आजही वाटत नाही.

त्यामागे एक ठाम समजूत आहे. कंपनीला ओळखीचा, पक्का मालक हवा. भाव पडला की विकून पळणारा नको. क्रूगर यांच्या पडझडीतून जे उरलं ते मुख्यतः दोन गोटांत गेलं: एकीकडे वॉलेनबर्ग कुटुंब आणि १९१६ साली स्थापन झालेली त्यांची इन्व्हेस्टर कंपनी, दुसरीकडे हांडेल्सबँक आणि तिने १९४४ साली उभी केलेली इंडस्ट्रिवेर्डन. पुढची कित्येक दशकं स्वीडनचा उद्योग या दोन घरांच्या अंगणात वाढला. सत्तरच्या दशकात कामगारांचे प्रतिनिधी संचालक मंडळात आले, तेही मतदानाच्या हक्कासह. आज पंचवीस किंवा अधिक कर्मचारी असलेल्या कंपनीत कामगारांना हा हक्क आहे. आपल्याकडे असं काही सुचवलं तर उद्योजकांच्या संघटना किती ओरडतील याची कल्पना करावी. तिथे ते फारशी खळखळ न होता अंगवळणी पडलं.

पुढचा हादरा २००२ साली बसला. एबीबी या स्वीडिश-स्विस कंपनीचे माजी प्रमुख पर्सी बार्नेविक यांना सुमारे १४ कोटी ८० लाख स्विस फ्रँक पेन्शन मिळाल्याचं उघड झालं. त्यातले ९ कोटी त्यांना परत करावे लागले. त्याच सुमारास स्कांडिया या विमा कंपनीतले बेलगाम बोनस आणि स्टॉकहोममधल्या घरांच्या डागडुजीची प्रकरणं बाहेर आली. सामान्य माणसाची पेन्शन याच बाजारात गुंतलेली, त्यामुळे संताप घरोघरी पोचला. माजी अर्थमंत्री एरिक ओसब्रिंक यांच्या अध्यक्षतेखाली सरकारने आयोग नेमला आणि त्याच धांदलीतून कंपनी कारभाराची संहिता तयार झाली. १ जुलै २००५ पासून ती मोठ्या कंपन्यांना लागू झाली, २००८ पासून शेअर बाजारात नोंदलेल्या सगळ्यांनाच. तत्त्व असं, की नियम पाळा, नाहीतर का पाळला नाही आणि त्याऐवजी काय केलं, ते लेखी सांगा.

या संहितेतली मला सर्वांत लक्षणीय वाटणारी गोष्ट म्हणजे संचालक निवडण्याची पद्धत. भारतात नामनिर्देशन समिती संचालकांचीच असते. म्हणजे संचालकच नवे संचालक सुचवतात. स्वीडनमध्ये ही समिती संचालक मंडळाची नसतेच. बहुतेक ठिकाणी मोठे भागधारक आपापला माणूस देतात. संचालकांची तिथे बहुसंख्या चालत नाही आणि कंपनीच्या अध्यक्षांना समितीचं अध्यक्षपद मिळत नाही. मंडळात व्यवस्थापनातला फार तर एक जण, आणि निवड दर वर्षी नव्याने. शेअर बाजारात नोंदलेल्या कंपनीचा मुख्य कार्यकारी अधिकारी अध्यक्ष होऊ शकत नाही, हे तर कायद्यातच आहे. वार्षिक सभेत शिवाय प्रत्येक संचालकाला आणि मुख्य अधिकाऱ्याला गेल्या वर्षाच्या जबाबदारीतून मोकळं करायचं की नाही, यावर मत घेतलं जातं. एरवी हा दोन मिनिटांचा उपचार.

मात्र या रचनेत मालक जागा असतो, हे गृहीत धरलेलं आहे. तो झोपला तर? किंवा मालक आणि कारभारी एकाच टेबलावर जेवू लागले तर? एससीए ही कागद आणि लाकडाची कंपनी १९२९ साली क्रूगर यांनीच जुळवलेली, नंतर हांडेल्सबँकेच्या गोटात आलेली. २०१४-१५च्या हिवाळ्यात स्वेन्स्का डागब्लाडेट या दैनिकाने तिच्या खासगी विमानांचा हिशेब छापला: अधिकाऱ्यांचे कुटुंबीय, शिकारीच्या सहली. एससीएचे अध्यक्ष हेच इंडस्ट्रिवेर्डनचेही अध्यक्ष होते. ज्यांनी जाब विचारायचा आणि ज्यांनी द्यायचा ते एकच! संहितेतला एकही रकाना रिकामा नसेल, पण तो भरणारी माणसं आलटूनपालटून तीच होती. चोरी पकडली ती समितीने नव्हे, वार्ताहरांनी.

स्वीडबँकेतही तसंच झालं. बाल्टिक देशांतल्या काळ्या पैशाच्या संशयाची बातमी स्वीडनच्या सार्वजनिक दूरचित्रवाणीने फेब्रुवारी २०१९ मध्ये दिली. २८ मार्चला, वार्षिक सभा सुरू व्हायच्या जेमतेम तासभर आधी मुख्य अधिकाऱ्यांना हटवलं गेलं, आणि दोन मिनिटांचा तो उपचार एकाएकी खरा झाला: भागधारकांनी त्यांना जबाबदारीतून मोकळं करायला नकार दिला. वर्षभराने बँकेला ४०० कोटी क्रोनरचा दंड झाला. इथे मालकांनी हत्यार उपसलं खरं, पण बातमी आल्यावर.

एवढं होऊनही असमान मताधिकाराला धक्का लागला नाही. ‘एक शेअर, एक मत’ हा नियम युरोपभर आणण्याच्या युरोपीय आयोगाच्या खटपटीला स्वीडनने मनापासून विरोध केला. २००७ साली आयोगाने ती खटपट सोडून दिली. आणि २०२४ साली त्याच युरोपीय संघाने निर्देश काढला, की छोट्या बाजारांत पहिल्यांदा नोंदणी करू पाहणाऱ्या कंपन्यांना जादा मतांचे शेअर ठेवायची मुभा सदस्य देशांनी द्यावी. कारण दिलं ते संस्थापकांचा ताबा सुटण्याच्या भीतीचं.