घर सोडायची वेळ आली तर हाती काय?

मराठवाड्यातील आपल्या समाजाला अचानक घर सोडण्याचा प्रसंग नवा नाही. २७ जुलै १९७८ रोजी विद्यापीठ नामांतराचा ठराव विधिमंडळाच्या दोन्ही सभागृहांत मंजूर झाला आणि खेडोपाडी आपल्या वस्त्यांवर हल्ले झाले, घरे जाळली गेली. आयाबहिणी लेकरांना काखेत घेऊन नेसत्या वस्त्रानिशी बाहेर पडल्या. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीच्या भूकंपात दगडमातीची घरे झोपलेल्या माणसांवर कोसळली. सप्टेंबर २०२५ च्या अतिवृष्टीत मराठवाड्यातील अनेक गावांत पाणी शिरले. आपल्या फुलंब्री तालुक्यातही नदी-नाल्यांच्या काठी वस्त्या आहेतच. म्हणून प्रत्येक घरात एक पिशवी कायम भरलेली असावी.

या पिशवीत सर्वांत आधी कागदपत्रे ठेवावीत. भांडीकुंडी पुन्हा घेता येतात, पण आजोबांचा दाखला जळाला तर नातवाची शिष्यवृत्ती अडते. अनुसूचित जातीच्या दाखल्यासाठी १० ऑगस्ट १९५० पूर्वीच्या वास्तव्याचा पुरावा मागतात. बौद्धांना केंद्राच्या सवलती १९९० च्या कायदा दुरुस्तीने मिळाल्या, तरी मूळ जात सिद्ध करावीच लागते. १९५६ च्या धम्मदीक्षेनंतर बऱ्याच घरांतील मुलांच्या दाखल्यांवर ‘बौद्ध’ लिहिले गेले. त्यामुळे जुन्या पिढीच्या कागदावरची नोंद हाच दुवा उरतो. कचेरीत कारकुनी करताना रोज दिसते, माणूस खरा असतो, पण त्याच्या हाती कागद नसतो.

म्हणून वडील-आजोबांचा शाळा सोडल्याचा दाखला किंवा शाळेच्या रजिस्टरचा उतारा, खासरा पाहणीपत्रक, जुन्या उर्दू नोंदींची नक्कल, जातीचा दाखला, वैधता प्रमाणपत्र, रेशनकार्ड, आधार, बँकेचे पासबुक आणि घराचा उतारा एका जागी ठेवा. गायरान कसणाऱ्यांनी दंडाच्या पावत्या व पंचनाम्याच्या नकला विसरू नयेत. सर्व कागद जाड प्लास्टिकच्या दोन पिशव्यांत, एकीत एक असे घालून तोंड घट्ट बांधा. जुना कागद लॅमिनेट करू नका, उष्णतेने तो खराब होतो. एक झेरॉक्स संच दुसऱ्या गावातील नातलगाकडे ठेवा. मोबाइलमध्ये फोटोही काढून ठेवा.

त्याशिवाय पिशवीत पुढील वस्तू असाव्यात :

• पिण्याच्या पाण्याच्या बाटल्या, गूळ, शेंगदाणे, फुटाणे, बिस्किटे.
• रक्तदाब, मधुमेह वगैरेंच्या आठवडाभराच्या गोळ्या व डॉक्टरांची चिठ्ठी. जलसंजीवनीची पाकिटे, मलमपट्टी.
• बॅटरी, शिट्टी, चार्जर, काडीपेटी.
• दहा, वीस, पन्नासच्या नोटा.
• एकेक जोड कपडे, चादर, महिलांसाठी सॅनिटरी पॅड, तान्ह्या बाळाची दुपटी.
• कागदावर लिहिलेले फोन नंबर. मोबाइल बंद पडला तर पाठ असलेले नंबर किती, हे ज्याचे त्याने आठवून पाहावे.

पिशवी एवढीच भरावी की घरातील बाईला एका खांद्यावर नेता येईल, दुसरा हात लेकराला मोकळा राहील. ती दाराजवळ उंच खुंटीला टांगा. पुराचा इशारा मिळाला तर विजेचा मेन स्विच व गॅसचे रेग्युलेटर बंद करा, गुरे सोडा आणि निघा. भूकंपात मात्र पिशवीसाठी पुन्हा घरात शिरू नका. रात्री चप्पल आणि बॅटरी उशाशी असावी. पांगापांग झाल्यास कुठे भेटायचे, हे मुलांना आजच सांगून ठेवा. मदतीसाठी ११२, रुग्णवाहिकेसाठी १०८ आणि जिल्हा आपत्ती नियंत्रण कक्षासाठी १०७७ हे क्रमांक पाठ करून घ्या.

ज्यांचा दाखला आधीच हरवला असेल त्यांनी संकटाची वाट पाहू नये. शाळेत अर्ज करून दुसरी प्रत आत्ताच घ्यावी.

बुद्धांनी अप्पमाद, म्हणजे सदैव सावध राहणे शिकवले. आषाढी पौर्णिमेला वर्षावास सुरू होतो, त्याच सुमारास पावसाचा जोरही वाढतो. त्या दिवशी विहारात वंदना झाल्यावर महिला मंडळाने घरोघरच्या पिशवीची चौकशी करावी. शिकलेल्या तरुणांनी वही घेऊन बसावे आणि कोणाकडे कोणता कागद नाही याची यादी करावी. ज्यांना लिहिता-वाचता येत नाही, त्यांचे अर्ज तिथेच भरून द्यावेत. एवढे काम एका पौर्णिमेत होण्यासारखे आहे. जयभीम!