चकत्यांची उतरंड

ऑटोक्रॉसमध्ये मोटार एकटीच धावते. मोकळ्या डांबरावर किंवा काँक्रीटवर नारिंगी शंकू मांडून वळणावळणाची वाट आखलेली असते. ती साधारण मिनिटभरात पार करायची, आणि शंकू पाडला की वेळेत दोन सेकंदांची भर पडते. अमेरिकेत १९४४ साली स्थापन झालेला ‘स्पोर्ट्स कार क्लब ऑफ अमेरिका’ या खेळाचं मोठं घर आहे. त्याची राष्ट्रीय स्पर्धा २००९ पासून नेब्रास्कातल्या लिंकन शहरी, विमानतळालगतच्या काँक्रीटवर भरते. हजाराहून अधिक स्पर्धक येतात. त्यातले बहुतेक जण आठवडाभर नोकरी करणारे असतात, आणि पुष्कळदा रोजच्या वापरातली गाडीच घेऊन येतात.

या हौशी मंडळींच्या गप्पांमध्ये इंजिनापेक्षा शॉक ॲब्सॉर्बरचा विषय जास्त निघतो, आणि त्याला कारण आहे. ‘स्ट्रीट’ या लोकप्रिय गटात स्प्रिंग कारखान्यातून आली तीच ठेवावी लागते. गाडीचं झुकणं आवरणारा अँटी-रोल बार पुढचा किंवा मागचा, एकच बदलता येतो. शॉक ॲब्सॉर्बर मात्र बदलायची मुभा आहे. बाहेरून फिरवायच्या समायोजनांची संख्या दोनवर थांबली म्हणजे झालं. नियमांनी बाकी दारं लावून घेतली आहेत, म्हणून सगळी बुद्धी या एका नळकांड्यात उतरते.

या नळकांड्याकडून अपेक्षा काय ठेवायची, हे आधी नीट समजून घ्यायला हवं. मोटार वळली की आतल्या चाकांवरचा भार बाहेरच्या चाकांवर जातो. एकूण किती भार जाणार, हे गाडीचं वजन, वळणाचा जोर, गुरुत्वमध्याची उंची आणि दोन चाकांमधलं अंतर यांवर ठरतं. या हिशेबात शॉक ॲब्सॉर्बर कुठेच येत नाही. तो ठरवतो ते इतकंच, की हा भार टायरपर्यंत कधी पोचेल आणि पुढच्या जोडीवर आधी पोचेल की मागच्या. लांब वळणांच्या रेस ट्रॅकवर गाडी एका बाजूला झुकून स्थिरावते, मग स्प्रिंग आणि बारचं राज्य सुरू होतं. ऑटोक्रॉसमध्ये ती वेळच येत नाही. १८ मीटर अंतरावर शंकू मांडलेले असतील आणि गाडी ताशी ६० किलोमीटर वेगाने जात असेल, तर जेमतेम एका सेकंदाला एक शंकू मागे पडतो. गाडी डावीकडे झुकते न झुकते तोच तिला उजवीकडे वळायचं असतं. सगळी धाव अशी अधल्यामधल्या अवस्थेतच जाते, आणि ती अवस्था शॉक ॲब्सॉर्बरच्या ताब्यात असते.

निवड करताना बहुतेकांपुढे दोन घराणी येतात. हॉलंडची कोनी आणि जर्मनीची बिलस्टाइन. कोनीचा पिवळा ‘स्पोर्ट’ हा दुहेरी नळीचा. त्यात रिबाउंड, म्हणजे दांडा बाहेर येतानाचा विरोध, बाहेरून कमीजास्त करता येतो. दांडा आत जातानाचा विरोध मात्र ठरलेला. बिलस्टाइन ओळखली जाते ती एकेरी नळीसाठी. या नळीत तेल आणि दाबाखालचा नायट्रोजन यांच्यामध्ये तरंगतं पिस्टन असतं, त्यामुळे तेलात फेस होत नाही. ही रचना फ्रेंच संशोधक द कार्बों यांची. मर्सिडीजच्या गाड्यांवर ती १९५७ पासून बसू लागली. बाहेर फिरवायचं बटण बहुतेक बिलस्टाइनवर नसतं, आणि नवखे लोक नेमके तिथेच बिचकतात. माझं मत उलटं आहे. आपल्या गाडीसाठी आतून नीट बांधलेला, बटण नसलेला शॉक ॲब्सॉर्बर हा चुकीच्या व्हॉल्व्हच्या दोन बटणवाल्यापेक्षा केव्हाही चांगला. बटण व्हॉल्व्हची चूक दुरुस्त करत नाही, तिला फक्त कमीजास्त करतं.

हे आतून बांधणं म्हणजे रिव्हॉल्व्हिंग. दांड्याच्या टोकाला भोकं असलेलं पिस्टन असतं आणि त्याच्या दोन्ही बाजूंना पोलादाच्या पातळ चकत्या, म्हणजे शिम. मोठ्यावर लहान, त्यावर आणखी लहान, अशी ती उतरंड असते. तेल भोकांतून येतं, चकत्यांच्या कडा वाकवतं आणि निसटतं. कडा जितकी ताठ तितका विरोध जास्त. चकतीचा ताठपणा तिच्या जाडीच्या घनाप्रमाणे वाढतो, आणि सगळी गंमत या घनात आहे. ०.१० मिलिमीटरच्या चकतीऐवजी ०.२० ची घातली तर ताठपणा आठपट होतो, पण ०.१० च्याच दोन एकावर एक ठेवल्या तर जेमतेम दुप्पट. म्हणून हे काम करणाऱ्याच्या हाताशी मायक्रोमीटर असतो आणि काढलेली प्रत्येक चकती तो क्रमाने मांडून ठेवतो.

किती विरोध हवा, याचा पाया शाळेतल्या भौतिकशास्त्राइतका सोपा आहे. समजा एका चाकावर स्प्रिंगवरचं वस्तुमान २३० किलो आहे आणि चाकाशी मोजलेला स्प्रिंगचा ताठपणा मिलिमीटरला २० न्यूटन आहे. तर गाडी एकदाही न हेलकावता थांबावी यासाठी लागणारा विरोध, क्रिटिकल डॅम्पिंग, सेकंदाला एक मीटर वेगामागे सुमारे ४३०० न्यूटन येतो. आरामासाठी बांधलेल्या गाडीत याचा पाव भाग किंवा थोडा अधिक असतो. स्पर्धेतले लोक शरीराच्या संथ हालचालींसाठी सत्तर टक्क्यांच्या आसपास जातात. शॉक ॲब्सॉर्बर चाकापासून आत बसवलेला असेल तर आकडा लिव्हरच्या गुणोत्तराच्या, म्हणजे चाकाच्या तुलनेत दांडा किती हलतो त्याच्या, वर्गाने भागावा लागतो. हा वर्ग विसरला की पुढची सगळी मेहनत वाया जाते.

पण सत्तर टक्के सगळ्याच वेगांना ठेवले तर काँक्रीटच्या सांध्यावर चाक आदळून उडेल. गाडी झुकते तेव्हा दांडा संथ चालतो, सेकंदाला काही सेंटिमीटर; सांध्यावर तो कितीतरी जलद धावतो. संथ वेगात ठाम आणि जलद वेगात सैल, असा आलेख म्हणून हवा असतो. त्यासाठी चकत्या थोड्या ताणून बसवतात: आधी त्या दाद देत नाहीत, एका दाबानंतर उघडतात आणि तेलाला वाट देतात.

सगळ्यात जास्त चूक रिबाउंडमध्ये होते. तो वाढवला की स्टिअरिंग चटकन प्रतिसाद देतं, चालक खूश होतो आणि आणखी वाढवतो. मग स्प्रिंग पुरती उलगडायच्या आत पुढचा उंचवटा येतो. गाडी हळूहळू खाली बसत जाते आणि रबरी बंप स्टॉपवर टेकते. तिथे टायरची पकड एकाएकी सुटते आणि दोष टायरला दिला जातो.

नायट्रोजनचा दाबही दुर्लक्ष करण्यासारखा नाही. १४ मिलिमीटरच्या दांड्यावर २० बारचा दाब असेल तर तो दांडा सुमारे ३० किलोच्या जोराने बाहेर ढकलला जातो. स्प्रिंग मूळचीच असल्याने गाडीची उंची तेवढ्यानेही बदलते. नळी उघडण्याआधी हा दाब पूर्ण सोडणं अत्यावश्यक आहे. नाहीतर आतलं पिस्टन आणि तेल तोंडावर येतं.

बांधून झाल्यावर डायनोवर, म्हणजे दांडा वरखाली करून विरोध मोजणाऱ्या यंत्रावर, परीक्षा. १०० मिलिमीटरची फेरी मिनिटाला १०० वेळा मारली की कमाल वेग सेकंदाला ०.५२ मीटर येतो. बिलस्टाइनचे आकडे याच वेगाला दिलेले असतात. मी तरी त्या एका आकड्यावर विसंबणार नाही. ऑटोक्रॉसचं गणित त्याच्या दहाव्या हिश्शाच्या वेगाला सुटतं, तेव्हा तिथला आलेख मागावा, आणि डावा-उजवा जुळतो का हे आवर्जून पाहावं.

आपल्याकडे ऑटोक्रॉस बरेचदा मातीवर होतं, म्हणून लिंकनची उतरंड उचलून इथे लावणं धोक्याचं. खड्ड्यांत दांडा जलद धावतो, सबंध प्रवास वापरतो, आणि तेल तापतं. इथे जलद वेगाचा भाग आधी ठरवावा लागेल. त्यासाठी लागणारं कौशल्य परकं नाही. गॅब्रिएल इंडियाने १९६१ मध्ये मुंबईत मुलुंडला शॉक ॲब्सॉर्बर बनवायला सुरुवात केली, आणि पुण्याजवळ चाकणला आज हाच उद्योग चालतो.

लिंकनला दोन वाटा असतात, दोन दिवस, आणि प्रत्येक वाटेवर तीन धावा. वाट आधी फक्त पायी चालून पाहता येते, गाडीने सराव नाही. शंकूंमध्ये शिरल्यावर व्हॉल्व्हचा विचार करायला फुरसत कुणालाच मिळत नाही, म्हणून चकत्या मोजण्याचं काम हिवाळ्यात, बर्फामुळे स्पर्धा बंद असताना, घरच्या गॅरेजात उरकतात. वसंतात सरावाच्या दिवशी एका वेळी एकच गोष्ट बदलून पाहतात: आधी मागचा रिबाउंड, मग पुढचा, आणि प्रत्येक बदलानंतर वहीत वेळ आणि टायरचं तापमान.