डोक्यावरची पाणरेषा

समुद्र वाढतो तो मिलिमीटरांत. १९०१ ते २०१८ या काळात जगातील समुद्रपातळी सरासरी २० सेंटिमीटरने, म्हणजे जेमतेम वीतभर वाढली. २००६ नंतरच्या बारा वर्षांत हा वेग वर्षाला ३.७ मिलिमीटरवर गेला. एवढ्याशा आकड्याने कोणाच्या पोटात गोळा येत नाही. म्हणून पाण्याची उंची भर रस्त्यात, माणसाच्या अंगाशी लावून दाखवणारी मांडणशिल्पे गेल्या दोन दशकांत अनेक शहरांत उभी राहिली. यात प्रेक्षक चित्रासमोर नसतो, चित्राच्या आत असतो.

न्यूयॉर्कमध्ये २००७ साली ईव्ह मोशर यांनी वापरलेले साधन अगदीच साधे होते : बेसबॉलच्या मैदानावर फक्की मारायची ढकलगाडी. तीत निळी फक्की भरून त्यांनी ब्रुकलिन आणि दक्षिण मॅनहॅटनमध्ये समुद्रसपाटीपासून १० फूट उंचीची रेषा आखली; सुमारे ७० मैल, पायी. मोठ्या वादळात पाणी कुठवर येऊ शकते, ते दाखवणारी ही रेषा पदपथांवरून आणि बागांमधून गेली. जाणारे-येणारे थांबून चौकशी करत. खरे तर या गप्पा हाच कामाचा गाभा होता. फक्की पावसात धुऊन जाणारच होती. ऑक्टोबर २०१२ मध्ये सँडी वादळाचे पाणी शहरात शिरले, तेव्हा या पट्ट्यातले कित्येक भाग बुडाले.

नेदरलँड्समध्ये रेषा जमिनीवरून उचलून डोक्यावर नेली गेली. दान रोसेगार्डे यांचे ‘वॉटरलिख्ट’ २०१५ साली आधी वेस्टरवोर्टजवळ आयसेल नदीच्या पूरमैदानात आणि मग आम्स्टरडॅमच्या म्युझियमप्लाइनवर झाले. एलईडी दिव्यांची निळी किरणे भिंगांतून माथ्यावर आडवी पसरवायची आणि त्यांत धूर सोडायचा, एवढीच युक्ती. वाऱ्याने धूर हलला की वर लाटा हेलकावतात आणि खालची माणसे तळाशी उभी असल्यासारखी दिसतात. या देशाचा सुमारे २६ टक्के भूभाग समुद्रसपाटीखाली आहे, आणि १९५३ च्या पुरात तिथे १,८३६ माणसे दगावली. वेस्टरवोर्टचे काम तिथल्या जलमंडळाने, म्हणजे बांध सांभाळणाऱ्या संस्थेनेच, करवून घेतले. बांध चोख असले की पाण्याचा विसर पडतो, हे तिच्याइतके कोणाला ठाऊक असणार? एक अडचण मात्र उरते : हा पूर फार देखणा आहे. लोक त्याखाली छायाचित्रे काढतात.

‘लाइन्स’मध्ये तसा देखणेपणा नाही. स्कॉटलंडच्या नॉर्थ युइस्ट बेटावर पेक्का नीत्तिविर्ता आणि तिमो आहो यांनी २०१८ साली एका कलाकेंद्राच्या भिंतींवर दिव्यांच्या आडव्या पट्ट्या बसवल्या. भरती चढली की संवेदक त्या पेटवतात. वादळी भरतीच्या धोक्यामुळे या केंद्राला त्या जागेवर वाढताही येत नव्हते, त्यामुळे रेषा आणि अडचण एकाच भिंतीवर आली.

ओलाफुर एलियासन आणि भूशास्त्रज्ञ मिनिक रोझिंग यांनी समुद्र वाढण्याचे कारणच शहरात आणले. ‘आइस वॉच’साठी ग्रीनलँडच्या फ्योर्डमधले हिमखंड २०१४ मध्ये कोपनहेगन, २०१५ मध्ये पॅरिस आणि २०१८ मध्ये लंडनच्या चौकांत ठेवून वितळू दिले. ते हिमनदीपासून आधीच तुटून पाण्यात तरंगत होते, म्हणून त्यांच्या वितळण्याने समुद्र वाढला नाही. पातळी वाढते ती जमिनीवरचा बर्फ समुद्रात उतरल्याने आणि तापलेले पाणी फुगल्याने.

मुंबईतल्या कामाने रेषेवरच शंका घेतली. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पाऊस पडून शहरात पूर आला. त्या पुरानंतर अनुराधा माथुर आणि दिलीप दा कुन्हा यांनी २००९ मध्ये राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालयात ‘सोक’ हे प्रदर्शन मांडले. अंगावर पाणी आणणारे ते मांडणशिल्प नव्हते, प्रामुख्याने रेखाटने आणि छायाचित्रांचे काम होते. त्यांच्या मते समुद्र इथे संपतो आणि शहर इथे सुरू होते, अशी रेघ नकाशाने मारली; पावसाळ्याने ती कधीच मानली नाही. मुंबई हे खाडीमुख आहे, तिथे पाणी वाहून घालवायचे नसते, मुरवायचे असते. म्हणून त्यांनी नकाशाऐवजी जमिनीचे उभे छेद काढले.