होडी हलकी हवी, पण किती?

नदीत गळ टाकून मासे धरण्याचा छंद असणारा माणूस पहिली काही वर्षे काठावर काढतो. त्यानंतर केव्हा तरी त्याच्या लक्षात येते, की मासा नेमका समोरच्या डोहात आहे आणि आपला गळ तेथवर पोहोचत नाही. होडी घेण्याचा विचार साधारणपणे याच क्षणी सुरू होतो. शहरात राहणाऱ्याची अपेक्षाही ठरलेली असते. होडी मोटारीच्या टपावर मावावी, दोघांना उचलता यावी, घराच्या गच्चीवर किंवा पार्किंगच्या कोपऱ्यात राहावी. म्हणजेच ती लहान हवी आणि हलकीही हवी.

ही अपेक्षा रास्तच आहे. मात्र, काठावर सोयीचा वाटणारा हलकेपणा पाण्यात गेल्यावर वेगळा हिशेब मागतो. २१ मे २०२४ रोजी सायंकाळी उजनी जलाशयात करमाळा तालुक्यातील कुगावहून इंदापूर तालुक्यातील कळाशीकडे निघालेली प्रवासी होडी अचानक सुटलेल्या वादळी वाऱ्यात उलटली आणि सहा जणांना प्राण गमवावे लागले. ती होडी मासेमारीची नव्हती. परंतु, भीमेच्या ज्या फुगवट्यावर शांत सकाळी पाणी आरशासारखे दिसते, तेथे वळवाच्या दिवसांत काही मिनिटांत काय घडू शकते, हे त्या घटनेने दाखवून दिले. होडी निवडताना नजरेसमोर शांत सकाळ नव्हे, तर ती सायंकाळ ठेवायला हवी.

आधी नदी, मग होडी

दुकानात जाण्यापूर्वी आपण कोणत्या पाण्यावर जाणार आहोत, हे ठरवावे. महाराष्ट्रातील नद्या वर्षभर एकसारख्या राहत नाहीत. पावसाळ्यात दुथडी भरून वाहणारी नीरा वा भीमा उन्हाळ्यात डोह, खडक आणि गुडघाभर पाण्याची होते. अशा ठिकाणी सपाट तळाची, थोड्या पाण्यात तरंगणारी होडी उपयोगी पडते. धरणाच्या फुगवट्यावर मात्र पाण्याचा पसारा मोठा असतो. वाऱ्याला अडवणारे काही नसते आणि लाटा उठतात. तेथे उंच कडांची, थोडी वजनदार होडी बरी. हलक्या, सपाट तळाच्या होडीला वारा पानासारखा लोटत नेतो आणि वल्ही मारून तिची दिशा राखणे एकट्या माणसाला अवघड जाते.

याखेरीज दोन गोष्टी आपल्या नद्यांपुरत्या ध्यानात ठेवायला हव्यात. पहिली जलपर्णी. तिच्या दाट थरात वल्ही अडकतात आणि यंत्राचा पंखा गुंडाळला जातो. दुसरी म्हणजे कोल्हापूर पद्धतीचे बंधारे. बंधाऱ्यावरून पडणारे पाणी पायथ्याशी उलटे फिरून वस्तू पुन्हा बंधाऱ्याकडेच ओढते. या भोवऱ्यात सापडलेली हलकी होडी बाहेर काढणे जवळजवळ अशक्य असते. बंधाऱ्याच्या वरच्या अंगालाही प्रवाह होडीला काठाकडून भिंतीकडे खेचतो. म्हणून दोन्ही बाजूंना पुरेसे अंतर राखावे.

भाराचे गणित

विक्रेता सहसा एकच आकडा सांगतो. ‘तीनशे किलो सहज पेलते,’ असे ऐकले, की ग्राहकाचे समाधान होते. या आकड्याचा अर्थ समजून घेऊ.

तीन मीटर लांब आणि एक मीटर रुंद अशी सपाट तळाची होडी पाण्यात एक सेंटिमीटर खाली गेली, की सुमारे ३० लिटर पाणी बाजूला सारते. पुढचे टोक निमुळते असल्याने प्रत्यक्षात २५ लिटर धरू. एक लिटर पाण्याचे वजन एक किलो. म्हणजे दर २५ किलो भाराला होडी एक सेंटिमीटर खाली जाणार. होडीचे वजन ४५ किलो, दोन माणसांचे १४० आणि गळ, नांगर, बर्फाची पेटी, पिण्याचे पाणी यांचे २५, असे २१० किलो झाले. होडी साडेआठ सेंटिमीटरच बुडाली. कडा ३५ सेंटिमीटर उंच असतील, तर पाण्याबाहेर २६ सेंटिमीटर उरतात. आणखी दोघे बसले, तरी २० सेंटिमीटरहून अधिक शिल्लक राहते. कागदावर सारे सुरक्षित!

गफलत येथेच आहे. लहान होडी भाराने सरळ खाली जाऊन बुडण्याचे प्रसंग थोडे. ती एका कडेला कलते, कडेवरून पाणी आत येते आणि आत आलेले पाणी त्याच बाजूला धावून तिला आणखी कलवते. गळाला मासा लागताच दोघेही एकाच बाजूला सरसावले, तर एक मीटर रुंदीच्या या होडीची कड पाण्याच्या अगदी जवळ येऊ शकते. एखादा उभा राहिला, तर भार वर सरकतो आणि धोका वाढतो. म्हणून सांगितलेल्या क्षमतेच्या दोन-तृतीयांशाहून अधिक भार न टाकणे शहाणपणाचे.

कलण्याला होडीचा आकार जो विरोध करतो, तो रुंदीच्या घनाच्या प्रमाणात वाढतो. लांबी तेवढीच ठेवून रुंदी ७५ सेंटिमीटरवरून ९० सेंटिमीटर केली, तर हा विरोध सुमारे पावणेदोनपट होतो. पंधरा सेंटिमीटरचा फरक दुकानात नजरेत भरत नाही. पाण्यात तोच निर्णायक ठरतो. त्यामुळे वजनात बचत करायचीच असेल, तर ती लांबीत करावी, रुंदीत नव्हे. रुंद होडी वल्हवायला जड जाते, हे खरे. पण, मासे धरणाऱ्याला शर्यत जिंकायची नसते.

पर्याय कोणते?

*फायबरची होडी :* तीन मीटर लांबीची होडी बांधणीनुसार साधारण ४० ते ७० किलोंची असते. खडकावर घासून चीर पडली, तर दुरुस्ती अवघड नसते. पाण्याच्या टाक्या व वाहनांचे भाग दुरुस्त करणारा कारागीरही ती करू शकतो. मात्र, वजन कमी करण्याच्या नादात थर पातळ ठेवलेला नाही ना, हे तपासावे. तळावर हाताने जोर दिल्यावर तो दबत असेल, तर अशी होडी घेऊ नये.

*ॲल्युमिनियमची होडी :* हलकी आणि दणकट. गोड्या पाण्यात ती लोखंडी पत्र्यासारखी गंजत नाही. परंतु, चैत्र-वैशाखाच्या उन्हात पत्रा चांगलाच तापतो आणि पाय आपटला, तरी आवाज पाण्यात जाऊन मासे बिथरतात. तळाला रबरी चटई अंथरल्यास दोन्ही त्रास कमी होतात.

*हवा भरण्याची होडी :* घडी घालून मोटारीच्या डिकीत मावणारी, दहा ते पंचवीस किलोंची ही होडी सदनिकेत राहणाऱ्यांना मोहात पाडते. हवेचे किमान दोन-तीन स्वतंत्र कप्पे असलेलीच घ्यावी. पोहण्याच्या तलावातील खेळण्यासारखी पातळ प्लॅस्टिकची होडी नदीत नेऊ नये. आपल्या नदीकाठांवर वेड्या बाभळीचे काटे पसरलेले असतात, त्यामुळे होडी ओढत नेणे टाळावे. उन्हात ठेवल्यास आतील हवेचा दाब वाढतो आणि थंड पाण्यात तो पुन्हा उतरतो, हेही लक्षात ठेवावे.

*कायाक :* एकट्याने मासेमारी करणाऱ्यासाठी वरून बसण्याची प्लॅस्टिकची कायाक सोयीची. आत आलेले पाणी तळातील छिद्रांतून निघून जाते. मासेमारीसाठी बनवलेल्या रुंद कायाकचे वजन २५ ते ४५ किलो भरते. दोघांना एकत्र जायचे असेल, तर हा पर्याय नव्हे.

*परिसल :* बांबूच्या विणीची ही गोल होडी तुंगभद्रा आणि कावेरीवर आजही दिसते. पूर्वी तिला कातडे मढवीत. आता प्लॅस्टिक किंवा डांबर लावलेले कापड वापरतात. कृष्णा-पंचगंगेच्या काठी पुराच्या वेळी गुळाच्या काहिलीत बसून पाणी ओलांडणाऱ्यांनी हेच तत्त्व वापरले. परिसल वीतभर पाण्यातही तरंगते आणि एका माणसाला डोक्यावर नेता येते. पण, तिला पुढे-मागे काही नसते. सराव नसलेल्याच्या हाती ती जागच्या जागी फिरत राहते.

थर्माकोलचे ठोकळे किंवा ट्रकच्या ट्यूबवर बसून जाळे टाकणारे मच्छीमार अनेक जलाशयांवर दिसतात. ते गरजेपोटी आणि पिढ्यांच्या सरावाने तसे करतात. छंदासाठी त्यांचे अनुकरण करू नये.

पैसे देण्यापूर्वी

होडी उथळ पाण्यात नेऊन पाहण्याचा आग्रह धरावा. कमरेइतक्या पाण्यात तिच्यात पाणी भरावे. बैठकीखाली फोम भरलेला असेल, तर काठोकाठ भरूनही ती तरंगत राहील आणि उलटल्यावर धरायला आधार उरेल. फायबर आणि ॲल्युमिनियम ही दोन्ही द्रव्ये पाण्याहून जड आहेत, हे विसरू नये. त्यानंतर दोघांनी एका कडेला बसून होडी किती कलते, ते पाहावे. शेवटी ती दोघांनी उचलून शंभर पावले चालावे. परतताना अंगात थकवा असतो आणि घाट चढायचा असतो.

नांगर नेहमी होडीच्या टोकाला बांधावा, कडेला कधीही नाही. प्रवाहात कडेला बांधलेला दोर होडीची तीच बाजू खाली ओढतो. दोर चटकन सोडता येईल अशी गाठ मारावी.

जीवरक्षक जाकीट होडीच्या अंदाजपत्रकात पहिले लिहावे. त्यावरील ‘५०’ हा आकडा पोहता येणाऱ्यांसाठी असतो. पोहता न येणाऱ्याने किमान ‘१००’ आकड्याचे घ्यावे. ते बैठकीखाली नव्हे, अंगावर असावे.

नियमांचेही भान हवे. राज्यातील बहुतेक जलाशयांतील मासेमारीचे हक्क मच्छीमार सहकारी संस्थांना ठेक्याने दिलेले असतात. त्यामुळे पाण्यात उतरण्यापूर्वी संबंधित संस्थेची वा मत्स्यव्यवसाय विभागाची परवानगी घ्यावी. होडीला यंत्र बसवायचे असल्यास नोंदणीचीही चौकशी करावी. परवानगीच्या निमित्ताने स्थानिक मच्छीमारांशी ओळख होते, हा त्यातला खरा लाभ. खडक कोठे आहेत, धरणातून पाणी कधी सुटते आणि दुपारनंतर वारा कोणत्या बाजूने उठतो, याची माहिती कोणत्याही माहितीपत्रकात छापलेली नसते.

थोडक्यात, होडी दोघांना उचलता येईल इतकीच हलकी असावी. त्याहून हलकी घेण्याच्या मोहात रुंदी, कडांची उंची किंवा तळाची जाडी गमावू नये. आणि पश्चिमेला ढग दाटू लागले, की गळाला मासा असो वा नसो, दोर सोडून काठ गाठावा.