मूळकूज व बुंधाकूज, वृक्षांची

लाकूड कुजविणाऱ्या कवकांमुळे वृक्षांच्या मुळांना व खोडाच्या तळभागाला होणारा रोग. बहुतेक रोगकारक कवके गदाकवकांच्या गटातील असून आर्मिलेरिया, गॅनोडर्मा व हेटेरोबॅसिडियॉन या प्रजाती विशेष महत्त्वाच्या आहेत. त्यांपैकी हेटेरोबॅसिडियॉन ॲनोसम व तिच्या निकटच्या जाती उत्तर समशीतोष्ण कटिबंधातील सूचिपर्णी वनांची मोठी हानी करतात.

लक्षणे : हेटेरोबॅसिडियॉनमुळे होणारी कूज पांढऱ्या प्रकारची असते, म्हणजे कवक लाकडातील लिग्निन व सेल्युलोज या दोन्हींचे अपघटन करते. स्प्रूस वृक्षात ते मुळांतून अंतःकाष्ठात शिरते व बुंध्याच्या आतून काही मीटर उंचीपर्यंत चढते. झाड बाहेरून हिरवेगार दिसत असते; ते तोडल्यावर किंवा वादळात उन्मळून पडल्यावरच आतील कूज उघड होते. त्यामुळे सर्वांत मोलाचा तळाचा ओंडका निकामी होतो. पाइन वृक्षात मात्र मुळेच मरतात व झाड वाळते. बुंध्याशी, पालापाचोळ्याखाली, वरून तपकिरी व खालून पांढरट सच्छिद्र अशी कवकाची बीजुकधारी अंगे आढळतात.

प्रसार : एलियास फ्रीस यांनी 1821 मध्ये या कवकाचे वर्णन केले. रोगट मुळाचा निरोगी मुळाशी संपर्क आल्यास रोग पसरतो, हे जर्मन शास्त्रज्ञ रोबेर्ट हार्टिख यांनी एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात दाखविले. परंतु पूर्वी वन नसलेल्या जमिनीवरील नव्या लागवडीतही रोग का उद्‌भवतो, याचा उलगडा जॉन रिशबेथ यांनी इंग्लंडमधील थेटफर्ड येथील पाइन लागवडींच्या अभ्यासातून 1950–51 मध्ये केला. विरळणीसाठी झाडे तोडली की हवेतील बीजुके ताज्या खुंटांवर पडून रुजतात. कवक खुंटाच्या मुळांत उतरते व तेथून शेजारच्या उभ्या झाडांत जाते. अशा रीतीने वन जोपासण्याची क्रियाच रोगाला वाट करून देते. खुंटात कवक कित्येक दशके जिवंत राहू शकते.

नियंत्रण : बीजुके जवळजवळ नसतात अशा कडक हिवाळ्यात तोड करणे किंवा तोडीनंतर लगेच खुंटाच्या कापलेल्या पृष्ठावर युरिया अथवा बोरेट यांचा विद्राव लावणे, हे उपाय योजतात. फ्लेबिऑप्सिस जायगँशिया हे दुसरे कवक मृत लाकडावर जगते. निरोगी झाडांना त्यापासून अपाय होत नाही. त्याची बीजुके लावल्यास ते खुंट आधीच व्यापते व रोगकारक कवकाला थारा मिळत नाही. रिशबेथ यांनी 1963 मध्ये मांडलेली ही पद्धत जैव नियंत्रणाचे एक आरंभीचे यशस्वी उदाहरण होय.

भारतात गॅनोडर्मा प्रजातीतील कवकांमुळे खैर, शिसू, बाभूळ इ. वृक्षांची मूळकूज व नारळाची बुंधाकूज होते. जुने वन तोडून त्याच जागी लागवड केल्यास जमिनीतील खुंट व मुळे रोगाचा साठा ठरतात. म्हणून ती लागवडीपूर्वी खणून काढणे व रोगट झाडांभोवती चर खोदून मुळांचा संपर्क तोडणे आवश्यक असते. केवळ वरचे झाड तोडल्याने रोग नाहीसा होत नाही.