विश्लेषण : माल विकला, नावही विकली, घरी परतायचे कसे?

१८०० च्या सुमारास ओहायो खोऱ्यातल्या शेतकऱ्याकडे माल होता, बाजार नव्हता. पूर्वेला अ‍ॅपलाचियन पर्वत आडवा. मग पीठ, खारवलेले डुकराचे मांस, व्हिस्की सपाट तळाच्या नावेत भरून मिसिसिपीच्या प्रवाहाबरोबर थेट न्यू ऑर्लिन्स. ही अवजड नाव प्रवाहाविरुद्ध आणणे परवडणारे नव्हते; तिथेच मोडून फळ्या विकल्या जात. परतीला नॅचेझ ते नॅशव्हिल सुमारे ७०० किलोमीटरची जंगलवाट, बहुतेकांना पायीच. जवळ मोसमाची कमाई आणि वाटेत लुटारू!

१८०२ मध्ये न्यू ऑर्लिन्सच्या स्पॅनिश अधिकाऱ्याने माल उतरवण्याची मुभाच काढली. शेतकरी खवळले. स्पेनने फ्रान्सला दिलेला हा लुइझियाना मुलूख १८०३ मध्ये अमेरिकेने दीड कोटी डॉलरना घेतला, तो मुळात या बंदरासाठी. परतीची पायपीट मात्र वाफेच्या बोटी रुळेपर्यंत सुटली नाही.