कबड्डीच्या मैदानावर कॅमेरा: पैसे नक्की कोण देणार?

शहापूर-मुरबाडकडच्या फोटोग्राफरला विचारा, काय काम करता? उत्तर ठरलेलं: लग्न, हळद, साखरपुडा, बारसं. लग्नाची तारीख नसली की कॅमेरा कपाटात. भाताची झोडणी उरकली की याच गावांत रात्रीचे कबड्डीचे सामने रंगतात, पण तिकडे धंदा म्हणून बघणारे फार थोडे.

खेळाचा फोटोग्राफर म्हटलं की काहींना अमेरिकेतलं बास्केटबॉल आठवतं. तिथे अँड्र्यू बर्नस्टीनसारख्यांनी एनबीएचे सामने टिपण्यात आयुष्य घातलंय. स्टेडियमच्या छताला मोठे फ्लॅश टांगलेले असतात, कॅमेऱ्याचं बटण दाबलं की ते उडतात. तुमच्याकडे छतच नाही! खांबाला बांधलेले दिवे, जनरेटर आणि माती. पण मैदान तुमच्या बाजूचं आहे, बरं का. बास्केटबॉलचं कोर्ट २८ बाय १५ मीटर, पुरुषांच्या कबड्डीचं १३ बाय १० मीटर. एवढ्याशा जागेसाठी लाखभराची लांब लेन्स लागत नाही. ८५ मिलिमीटरची, एफ १.८ची लेन्स बऱ्यापैकी काम भागवते.

उभं कुठे राहायचं? अंतिम रेषेच्या मागे, कोपऱ्यात. चढाईपटू तुमच्याकडे तोंड करून येतो, त्यामुळे चेहरा मिळतो. पण पकड झाली की तो मध्यरेषेकडे झेपावतो आणि तुम्हाला नुसती पाठ दिसते. म्हणून एका डावात अंतिम रेषेमागे, दुसऱ्या डावात मध्यरेषेच्या टोकाला थांबा. रेषेला टेकलेली बोटं तिथूनच दिसतात, आणि खेळाडू मागतो तो हाच फोटो. चढाई ३० सेकंदांची असते. पहिली काही सेकंद तो चाचपणी करतो, तेव्हा उगाच धडाधड बटण दाबत बसू नका.

शटर एक हजारांश सेकंदाच्या आसपास, आयएसओ ३२०० किंवा ६४००. फ्लॅश नको, खेळाडूच्या डोळ्यावर येतो. आता एक गोष्ट नीट समजून घ्या. आपली वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे काही दिवे सेकंदाला शंभर वेळा मंद-तेज होतात. आपल्या डोळ्याला कळत नाही, वेगवान शटरला कळतं. एक फोटो उजळ, पुढचा काळपट, तिसऱ्यावर पट्टे. म्हणून सामने सुरू होण्याआधी एकाच जागेचे दहा फोटो सलग काढून बघा. कॅमेऱ्यात अँटी-फ्लिकरची सोय असेल तर चालू करा, नसेल तर शटर कमी करून बघा.

आता मुद्द्याचं. मंडळ तुम्हाला फार पैसे देणार नाही. त्यांचा खर्च चषकांवर, मंडपावर, जेवणावर होतो. तुमचं गिऱ्हाईक दुसरंच आहे. समजा १६ संघ आले, प्रत्येकात १२ जण. झाले १९२ खेळाडू. चौघांतल्या एकाने ५० रुपयांची प्रिंट घेतली तरी ४८ प्रिंटा, २४०० रुपये. यातून कागद-शाई, पेट्रोल आणि मदतनिसाची मजुरी वजा करा. प्रिंट मात्र त्याच रात्री द्यायची. हरलेला संघ टेम्पोत बसला की गिऱ्हाईक गेलं! छोटा प्रिंटर, क्यूआर कोड आणि ओरडून नंबर पुकारणारा एक पोरगा, एवढं टेबलावर हवंच. दुसरं गिऱ्हाईक म्हणजे ज्याचा फलक मैदानाभोवती लागलाय तो हार्डवेअरवाला किंवा हॉटेलवाला. त्याला त्याचं नाव आणि खच्चून भरलेली गर्दी एकाच फोटोत हवी असते. तेवढे पाच फोटो दुसऱ्या दिवशी सकाळी त्याच्याकडे घेऊन जा.

आणि खेळाडूला खोटी आशा दाखवू नका. क्रीडा कोट्यातली नोकरी स्पर्धेच्या प्रमाणपत्रावर मिळते, फोटोवर नाही. फोटो घरातल्या भिंतीसाठी असतो, त्याच्या आईसाठी असतो. तो तसाच विका, जातोच.

पण प्रिंटा विकण्याआधी एक गाठ सोडवा. कॉपीराइट कायदा, १९५७, कलम १७. कोणी मोबदला देऊन तुमच्याकडून फोटो काढून घेतले, तर वेगळा करार नसल्यास त्या फोटोंचा पहिला मालक पैसे देणारा ठरतो. म्हणजे मंडळाने दोन हजार हातावर ठेवले आणि काहीच ठरवलं नाही, तर तुम्ही काढलेल्या फोटोंवर हक्क त्यांचा. लग्नात हे कधी आड येत नाही, कारण दुसऱ्याच्या लग्नाचे फोटो विकत कोण घेणार? इथे तर सगळी कमाईच त्या विक्रीवर आहे.

तेव्हा पैसे कमी घ्या, पण अध्यक्षांकडून एक कागद आधी करून घ्या: "फोटोंचा कॉपीराइट फोटोग्राफरकडे राहील. मंडळाला प्रसिद्धीसाठी ते मोफत वापरता येतील. खेळाडूंना व प्रायोजकांना प्रिंट विकण्यास मंडळाची हरकत नाही." खाली तारीख, स्पर्धेचं नाव, दोघांच्या सह्या. दोन प्रती काढा, एक कॅमेऱ्याच्या बॅगेत ठेवा.